थांबा म्हणण्याचा अधिकार

दिल्लीच्या पश्चिम भागात मायापुरी नावाचा भंगाराचा मोठा बाजार आहे. जुन्या मोटारींची इंजिने, बंद पडलेल्या कारखान्यांची यंत्रे, तांब्याच्या तारा, शिशाचे ठोकळे, जे जे वजनावर विकले जाते ते इथे येते, फोडले जाते आणि धातूनुसार वेगळे होऊन पुढे जाते. 2010च्या एप्रिलमध्ये या बाजारातली काही माणसे एकापाठोपाठ आजारी पडली. हातांची कातडी काळी पडली, केस गळू लागले, रक्तातल्या पेशी झपाट्याने कमी होऊ लागल्या. डॉक्टरांना किरणोत्साराचा संशय आला. अणुऊर्जा नियामक मंडळाला खबर गेली आणि मोजणी यंत्रे घेतलेले पथक मायापुरीत उतरले. भंगारात कोबाल्ट-60 होता.

माग काढत काढत पथक दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागापर्यंत पोहोचले. चाळीसएक वर्षांपूर्वी या विभागाने प्रयोगांसाठी कॅनडातून ‘गॅमा सेल’ नावाचे उपकरण आणले होते. शिशाच्या जाड कवचाच्या आत कोबाल्टच्या नळ्यांचे कडे, आणि त्या कड्याच्या मधोमध नमुना उतरवण्याची सोय, अशी त्याची रचना. ते 1985पासून वापरात नव्हते. ज्यांनी ते आणले, हाताळले ती पिढी निवृत्त झाली. उपकरण खोलीत पडून राहिले आणि फेब्रुवारी 2010मध्ये इतर अडगळीबरोबर त्याचाही लिलाव झाला. घेणाऱ्याने ते फोडले, कारण त्याच्या लेखी ती शिशाची चांगली जड वस्तू होती. आत निघालेला चकचकीत धातू हातोहात फिरला. एकाने त्याचा तुकडा पाकिटात ठेवला आणि पाकीट खिशात. एका कामगाराचा मृत्यू झाला, इतर अनेकांना किरणोत्साराची गंभीर इजा झाली.

कोबाल्ट-60चे अर्धायुष्य 5.27 वर्षे. म्हणजे दर सव्वापाच वर्षांनी त्याची तीव्रता निम्मी होते. चाळीस वर्षांत ती साडेसात वेळा निम्मी होऊन मूळच्या सुमारे 180व्या भागावर येते. एवढे झिजूनही उरलेल्या कोबाल्टने माणूस मारला. विद्यापीठाच्या लेखी जे उपकरण 25 वर्षांपूर्वीच संपले होते, ते भौतिकशास्त्राच्या लेखी चालूच होते.

या घटनेत कुठलाही गूढ तांत्रिक बिघाड नव्हता. शिशाच्या कवचाने चार दशके आपले काम चोख केले. तुटला तो हिशेब. हे उपकरण देशात आले तेव्हा नियामक मंडळ अस्तित्वातच नव्हते. ते स्थापन झाले 15 नोव्हेंबर 1983 रोजी. उपकरण विकले जात होते तेव्हा मंडळ होते, नियमही होते, पण विकणाऱ्याने विचारले नाही आणि मंडळाला कळले नाही.

अगदी याच प्रकारची गोष्ट ब्राझीलमध्ये सप्टेंबर 1987मध्ये घडली होती. गोइयानिया शहरातल्या एका खासगी कर्करोग उपचार केंद्राने जागा बदलली, पण जुन्या जागेतले सीझियम-137चे उपचारयंत्र तिथेच सोडले. परवान्याच्या अटीनुसार परवाना देणाऱ्या संस्थेला कळवणे बंधनकारक होते. तसे कळवले गेले नाही. अर्धवट पाडलेल्या इमारतीतून दोघांनी यंत्राचा भाग भंगार म्हणून उचलून नेला. अंधारात निळसर चमकणारी ती भुकटी भंगारवाल्याच्या घरात, नातेवाइकांत, शेजाऱ्यांत वाटली गेली. चार जणांचा जीव गेला, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. सुमारे 1,12,000 लोकांची तपासणी करावी लागली. गोइयानियाची ही हकिगत जगभरच्या नियामकांना पाठ होती, तरी 23 वर्षांनी मायापुरी घडले.

एका स्रोताचा प्रवास

‘अणू’ म्हटले की आपल्याला तारापूरचे घुमट आठवतात. पण परवान्याच्या फायली मोजायला बसलो तर अणुभट्ट्या त्यांत मूठभर निघतील. बाकीचा ढीग रुग्णालये, कारखाने, प्रयोगशाळा आणि एक्स-रे काढणाऱ्या दवाखान्यांचा. पाइपलाइनच्या वेल्डिंगमध्ये पोकळी राहिली आहे का हे पाहायला इरिडियम-192 लागते. कागद कारखान्यात चालत्या कागदाची जाडी किरणोत्सारी स्रोताने मोजतात. सलाइनचे संच आणि शस्त्रक्रियेचे हातमोजे पॅकबंद खोक्यातच गॅमा किरणांनी निर्जंतुक होतात. नाशिक जिल्ह्यात लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेला ‘कृषक’ प्रकल्प आहे. तो मुळात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून बांधला गेला. 2007पासून अमेरिकेला जाणारा हापूस तिथल्या कोबाल्टसमोरून जाऊ लागला. आंब्याच्या कोयीतल्या किड्याचा बंदोबस्त करायला किमान 400 ग्रे मात्रा लागते. हापूसची पेटी विमानात चढण्याआधी तिला शेतकी खात्याची परवानगी लागते तशी किरणोत्साराच्या नियमांचीही लागते.

अशा स्रोताचा कायदेशीर प्रवास कसा असतो हे कर्करोग रुग्णालयाच्या उदाहरणाने पाहू. कोबाल्टचे उपचारयंत्र घ्यायचे ठरले की पहिला कागद जातो तो खोलीच्या नकाशाचा. भिंत किती जाड, दार कुठे, वरच्या मजल्यावर काय, भिंतीपलीकडे कोण बसणार, हे बांधकामाआधी तपासले जाते. काँक्रीट ओतून झाल्यावर भिंत वाढवणे सोपे नसते, म्हणून हा क्रम. यंत्राचा नमुना आधीच मंडळाने मान्य केलेला हवा. रेडिएशन सेफ्टी ऑफिसर, म्हणजे किरणोत्सार सुरक्षेची जबाबदारी ज्याच्या नावावर आहे असा प्रशिक्षित माणूस, नेमलेला हवा. मग स्रोत खरेदीची परवानगी. वाशीतल्या ‘ब्रिट’ या सरकारी संस्थेकडून किंवा परदेशातून जाड शिशाच्या पेटीत स्रोत येतो. त्याच्या रस्त्यावरच्या वाहतुकीलाही वेगळे नियम. स्रोत यंत्रात बसला, भिंतीबाहेरची मोजमापे घेतली, ती ठीक निघाली, की मग रुग्णांवर उपचार करायचा परवाना.

इथवरचा प्रवास सहसा नीट होतो, कारण प्रत्येक टप्प्यावर मागणाऱ्याला काहीतरी हवे असते. खरी परीक्षा परतीच्या वाटेवर. कोबाल्ट क्षीण झाला, रुग्णालयाने नवे लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजे कोबाल्टशिवाय चालणारे उपचारयंत्र, घेतले, जुने यंत्र तळघरात गेले. आता रुग्णालयाला मंडळाकडून काहीच नको असते. स्रोत परत पाठवायचा तर खर्च, पेटी, वाहन, परवानग्या. न पाठवला तर आज तरी काही बिघडत नाही. परवाना संस्थेच्या कपाटात असतो आणि ज्याने सही केली तो बदलून गेलेला असतो. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे ‘कॅग’, यांनी 2012मध्ये मंडळाच्या कामाचे परीक्षण केले तेव्हा याच जागेवर बोट ठेवले: वापरून संपलेले स्रोत खरोखरच सुरक्षितपणे निकालात निघाले का, हे पडताळण्याची पुरेशी यंत्रणा नाही.

आता अर्ज, परवाने, स्रोतांच्या खरेदीची व परतीची नोंद हे सगळे ‘ई-लोरा’ या मंडळाच्या ऑनलाइन प्रणालीतून चालते. स्रोत एका संस्थेकडून दुसरीकडे जाताना त्याची नोंदही सरकते. पण संगणकाला तेवढेच माहीत असते जेवढे कोणीतरी त्यात भरले. कुठल्या तरी महाविद्यालयाच्या कपाटात 1983च्या आधीपासून पडून असलेले उपकरण स्वतःहून प्रणालीत शिरत नाही. त्यासाठी कोणीतरी जाऊन ते कपाट उघडावे लागते.

एक्स-रेच्या खोलीत

‘कॅग’च्या त्याच अहवालात एक आकडा आहे. देशात वैद्यकीय एक्स-रेच्या 57,443 सुविधा चालू होत्या आणि त्यांपैकी मंडळाकडे नोंदलेल्या होत्या 5,270. उरलेल्या 52,173, म्हणजे 91 टक्के, नोंदीबाहेर.

एक्स-रे यंत्र बटण बंद केले की निर्धोक असते, कोबाल्टसारखे सतत जळत नाही. एका छायाचित्राची मात्राही फार थोडी. म्हणून या आकड्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण यंत्र जुने असेल, नळीतून किरण नको तिकडे निसटत असतील, भिंत अर्ध्या विटेची असेल आणि पलीकडे बाकावर रांग असेल, तर त्या रांगेला रोज थोडे थोडे मिळत राहते. आणि त्याहून जास्त मिळते तिथे वर्षानुवर्षे काम करणाऱ्या तंत्रज्ञाला.

त्याच्यासाठी नियम स्पष्ट आहेत. किरणोत्सारात काम करणाऱ्याला सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या मात्रेचे माप), आणि कुठल्याही एका वर्षात 30पेक्षा जास्त नाही. आंतरराष्ट्रीय शिफारस एका वर्षासाठी 50ची आहे. भारताने ती आणखी खाली आणली. सर्वसामान्य माणसासाठी मर्यादा वर्षाला 1 मिलिसिव्हर्ट, तीही निसर्गातून आणि वैद्यकीय उपचारांतून मिळते ती सोडून. जगात माणसाला निसर्गाकडूनच वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात.

ही मर्यादा पाळली जाते की नाही, हे सांगणारी वस्तू तळहातापेक्षा लहान आहे. रुग्णालयात एक्स-रे किंवा कॅथलॅबच्या माणसाच्या छातीवर प्लॅस्टिकचा छोटा बॅज दिसतो, त्याला सगळे टीएलडी म्हणतात. आत धातूची पट्टी आणि तिच्यावर कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या. किरणोत्सार पडला की या चकत्यांच्या स्फटिकांत इलेक्ट्रॉन अडकून बसतात. ठरावीक मुदतीने, बहुधा तीन महिन्यांनी, बॅज प्रयोगशाळेत जातो, चकत्या तापवल्या जातात, अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि सुटताना प्रकाश देतात. जितका प्रकाश जास्त, तितकी मात्रा जास्त. तीन महिन्यांत त्या माणसाने काय सोसले ते अंधाऱ्या यंत्रात काही सेकंदांत उजळून दिसते. अट एकच: बॅज अंगावर हवा. तो शिशाच्या एप्रनसोबत खुंटीवर लटकत राहिला तर मोजमाप खुंटीचे होते.

इतक्या हजारो ठिकाणी मुंबईतल्या अणुशक्तीनगरच्या नियामक भवनातून लक्ष ठेवणे अशक्यच. म्हणून 2001मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्यात किरणोत्सार सुरक्षा संचालनालय उभारण्याचा निर्देश दिला. ‘कॅग’ने 2012मध्ये पाहिले तेव्हा अशी संचालनालये दोनच राज्यांत होती, केरळ आणि मिझोराम. महाराष्ट्र, जिथे मंडळाचे मुख्यालय आहे आणि जिथे रुग्णालये उदंड आहेत, त्या यादीत नव्हता.

अणुभट्टी टप्प्याटप्प्याने

अणुभट्टीचा परवाना गाडीच्या लायसनसारखा एकदा हातात पडून वीस वर्षे चालणारा नसतो. तो तुकड्यातुकड्यांनी मिळतो. आधी जागेची संमती: भूकंप, पूर, त्सुनामी, आसपासची वस्ती, अणुभट्टी थंड ठेवायला पाण्याची सोय. मग बांधकामाची. मग यंत्रणा एकेक करून चालवून पाहण्याची, इंधन भरण्याची, साखळी प्रक्रिया पहिल्यांदा सुरू करण्याची, शक्ती पायरीपायरीने वाढवण्याची. प्रत्येक पायरीला स्वतंत्र हिरवा कंदील. मग चालवण्याचा परवाना, तोही मुदतीचा. दर दहा वर्षांनी सुरक्षेचा सर्वंकष आढावा. शेवटी, अणुभट्टी मोडीत काढण्याचीही संमती. तमिळनाडूतल्या कुडनकुलमच्या पहिल्या अणुभट्टीत साखळी प्रक्रिया सुरू झाली 13 जुलै 2013 रोजी, आणि व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाल्याचे जाहीर झाले 31 डिसेंबर 2014 रोजी. मधले जवळपास दीड वर्ष या पायऱ्यांत गेले.

इथे एक गल्लत नेहमी होते. कोकणातल्या जैतापूर अणुवीज प्रकल्पाला 2010च्या नोव्हेंबरात पर्यावरण मंत्रालयाने 35 अटी घालून मंजुरी दिली तेव्हा ‘प्रकल्पाला परवाना मिळाला’ अशीच अनेकांची समजूत झाली. पण पर्यावरण मंजुरी समुद्र, मासे, झाडे, हवा यांच्यासाठी असते. अणुभट्टी सुरक्षित आहे का, हा प्रश्न नियामक मंडळाच्या टेबलावर वेगळा सुटावा लागतो.

एवढ्या पायऱ्या कशासाठी, याचे उत्तर दोन आगींत आहे. 22 मार्च 1975 रोजी अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या ब्राउन्स फेरी केंद्रात एक कामगार केबलच्या मार्गातून हवा कुठे गळते ते शोधत होता. त्यासाठी त्याने पेटती मेणबत्ती भोकाजवळ धरली. हवेचा झोत असेल तर ज्योत वाकणार होती. ज्योत वाकली, पण तिने भोक बुजवायला वापरलेला फोमही पेटवला. आग केबलमधून पसरली आणि एकाच वाटेने जाणाऱ्या मुख्य आणि राखीव यंत्रणांच्या तारा एकत्रच जळाल्या. सुरक्षेसाठी दोन व्यवस्था ठेवल्या होत्या, पण दोन्हींच्या तारा शेजारी शेजारी होत्या. त्यानंतर अमेरिकी नियामकाने तारा वेगळ्या ठेवण्याचे, मध्ये अग्निरोधक भिंती घालण्याचे नियम केले.

18 वर्षांनी, 31 मार्च 1993 रोजी पहाटे, उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन गळला आणि आग लागली. मुख्य आणि राखीव विजेच्या तारा एकाच मार्गाने गेल्या होत्या. त्या एकत्र जळाल्या. केंद्रात सुमारे 17 तास वीज नव्हती. नियंत्रण कक्षात धूर शिरला, माणसांना बाहेर पडावे लागले. अणुभट्टी वेळेत बंद झाली होती, पण बंद अणुभट्टीतही उष्णता निर्माण होत राहते. आग विझवण्याच्या डिझेल पंपांनी वाफजनित्रांत पाणी सोडले गेले. कर्मचारी विजेऱ्या घेऊन वर चढले आणि हाताने झडपा उघडून त्यांनी अणुभट्टीत बोरॉन सोडला, म्हणजे साखळी प्रक्रिया पुन्हा डोके वर काढू नये. किरणोत्सार बाहेर आला नाही. ही त्या माणसांची कर्तबगारी होती. पण तारा वेगळ्या ठेवण्याचा धडा जगाला 1975मध्येच मिळाला होता, आणि नरोराच्या पहिल्या अणुभट्टीत साखळी प्रक्रिया सुरू झाली 1989मध्ये. नकाशावर बोट ठेवून ‘या तारा वेगळ्या करा, मग पुढे जा’ असे म्हणण्यासाठीच नियामक असतो.

नरोराच्या पुढच्याच वर्षी, 13 मे 1994 रोजी, गोव्याच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या कैग्यात बांधकाम चालू असलेल्या अणुभट्टीच्या आतल्या घुमटाचे काँक्रीट सुटून खाली कोसळले. इंधन अजून भरलेले नव्हते म्हणून ते बांधकामावरच्या अपघातावर निभावले. घुमटाची रचना बदलावी लागली, प्रकल्प वर्षानुवर्षे लांबला. तो लांबणे हा सुरक्षेचाच खर्च होता, आणि तो खर्च पडताना नाराज होणारे लोक नेहमीच असतात. नियामकाची कसोटी तिथून सुरू होते.

कोणाचा कोण

अमेरिकेने 1946मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापला आणि पुढे त्याच्याकडे दोन कामे दिली: अणुऊर्जेचा प्रसार करायचा आणि तिच्यावर नजरही ठेवायची. स्थापनेनंतर जवळपास तीन दशकांनी कळले की एका हाताला दुसऱ्याचा हात धरता येत नाही. 1974च्या कायद्याने आयोग मोडला आणि 19 जानेवारी 1975पासून नियमनासाठी वेगळा आयोग कामाला लागला. ब्राउन्स फेरीची आग लागली तेव्हा या आयोगाचे वय दोन महिने होते.

कायद्याने वेगळे झाले म्हणजे मनाने वेगळे झाले असे नाही, हे ओहायोतल्या डेव्हिस-बेस केंद्राने दाखवले. 2001मध्ये दुसऱ्या केंद्रांत अणुभट्टीच्या झाकणातल्या नळ्यांना तडे सापडले. नियामकाने सांगितले, वर्षअखेरपर्यंत सर्वांनी तपासा. डेव्हिस-बेसच्या कंपनीने मुदत मागितली, कारण इंधन बदलण्यासाठी केंद्र पुढच्या वसंतात बंद होणारच होते. मध्येच बंद केले तर पैशाचे नुकसान. नियामकाच्या कर्मचाऱ्यांनी केंद्र बंद करण्याच्या आदेशाचा मसुदाही तयार केला होता. मग तडजोड झाली: 16 फेब्रुवारी 2002पर्यंत चालवा. मार्चमध्ये झाकण साफ करताना दिसले की गळणाऱ्या बोरिक आम्लाने सहा इंचांहून जाड पोलाद आरपार खाल्ले होते. उरले होते ते आतले स्टेनलेस स्टीलचे पातळ अस्तर, सुमारे एक सेंटिमीटरचे, आणि त्याच्याआड वातावरणाच्या सुमारे दीडशे पट दाबाचे पाणी. ते अस्तर फुटले नाही. आयोगाच्याच महानिरीक्षकाने नंतर लिहिले की मुदतवाढ देताना कंपनीच्या आर्थिक नुकसानीचा विचार मोठ्या प्रमाणावर झाला होता.

जपानमध्ये नियामक संस्था ज्या मंत्रालयाखाली होती, त्याच मंत्रालयाचे काम अणुऊर्जा वाढवणे हे होते. 11 मार्च 2011च्या फुकुशिमा अणुअपघाताची चौकशी करणाऱ्या संसदीय आयोगाने या आपत्तीला मानवनिर्मित म्हटले आणि नियामक उद्योगाच्या मुठीत गेल्याचा ठपका ठेवला. 2012च्या सप्टेंबरात जपानने नवी स्वतंत्र संस्था उभी केली.

भारतातली मांडणी यांहून वेगळी नव्हती. आपले मंडळ 1983मध्ये सरकारी आदेशाने स्थापन झाले, संसदेच्या कायद्याने नव्हे. ते अणुऊर्जा आयोगाला जबाबदार होते, आणि आयोगाचा अध्यक्ष तोच जो अणुऊर्जा विभागाचा सचिव. म्हणजे ज्या विभागाची केंद्रे तपासायची, त्याच विभागाचा प्रमुख. 1993 ते 1996 या काळात मंडळाचे अध्यक्ष असलेले डॉ. ए. गोपालकृष्णन यांनी देशातल्या अणुप्रकल्पांतल्या सुरक्षेच्या सुमारे 130 उणिवांची यादी करवून घेतली. ती जाहीर झाली नाही. नंतर ते या व्यवस्थेचे मोठे टीकाकार झाले. मंडळाच्या समित्यांतले बहुतेक तज्ज्ञ अणुऊर्जा विभागाच्याच पगारावर असतात, हा त्यांचा मुख्य आक्षेप. 2000मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्र मंडळाच्या कक्षेतून काढून घेतले गेले आणि त्याची सुरक्षा त्याच्याच अंतर्गत परिषदेकडे गेली.

मंडळाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्याच्याकडे उत्तम अभियंते आणि भौतिकशास्त्रज्ञ आहेत. फुकुशिमानंतर त्याने देशातल्या सर्व केंद्रांचा आढावा घेतला. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या 1969पासूनच्या, मंडळापेक्षा 14 वर्षांनी जुन्या, आणि फुकुशिमाच्या पहिल्या अणुभट्टीप्रमाणेच जनरल इलेक्ट्रिकच्या, उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या. तिथे कुठल्या सुधारणा हव्यात हे कागदावर आले. कुडनकुलमसाठी 17 शिफारशी झाल्या. मे 2013मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुडनकुलम थांबवले नाही, पण 15 निर्देश दिले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे पथक मार्च 2015मध्ये पाहणीला आले तेव्हा त्यांनी मंडळाच्या तांत्रिक कामाची वाखाणणी केली आणि जोडीने सांगितले, याला कायद्याने स्वतंत्र करा. ‘कॅग’ने तीन वर्षे आधी तेच म्हटले होते. दंड ठरवण्याचा अधिकार मंडळाला नाही आणि कायद्यातला दंड इतका किरकोळ आहे की त्याचा धाक वाटणार नाही, हेही नोंदवले होते. स्वतंत्र प्राधिकरणाचे विधेयक 2011च्या सप्टेंबरात लोकसभेत आलेही होते. 2014मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि ते तसेच संपले.

नव्या कायद्यानंतर

डिसेंबर 2025मध्ये संसदेने ‘शांती’ या संक्षिप्त नावाचा नवा कायदा मंजूर केला. 1962चा अणुऊर्जा कायदा आणि 2010चा नुकसानभरपाईचा कायदा या दोन्हींची जागा तो घेतो. त्याने नियामक मंडळाला कायद्याचा दर्जा दिला. स्थापनेनंतर 42 वर्षांनी. त्याच कायद्याने अणुवीज केंद्रे उभारण्याचे दार खासगी कंपन्यांनाही उघडले. 2047पर्यंत 100 गिगावॉट अणुवीज हे सरकारचे लक्ष्य आहे.

दोन्ही गोष्टी एकदम आल्या आहेत, म्हणून मंडळाचे काम अवघड होणार आहे. आजवर समोर सरकारी कंपन्याच होत्या, त्यांची माणसे आणि मंडळाची माणसे एकाच प्रशिक्षणातून आलेली होती. यापुढे समोर भागधारक, कर्ज देणाऱ्या बँका आणि वीजपुरवठ्याचे करार असतील. डेव्हिस-बेसमध्ये ज्या हिशेबापायी मुदत मागितली गेली, तोच हिशेब. मंडळाच्या अध्यक्षाची आणि सदस्यांची नेमणूक केंद्र सरकारच करणार. त्यामुळे कायद्यातल्या ‘स्वतंत्र’ या शब्दाची किंमत मंडळाच्या वागण्यावरूनच कळेल.

ती तपासायला आण्विक अभियांत्रिकी यावी लागत नाही. तपासणीचे अहवाल मंडळ पूर्ण प्रसिद्ध करते की सारांशावर भागवते? जिल्ह्याच्या गावातल्या एक्स-रे केंद्रांपर्यंत त्याची माणसे पोहोचतात का, आणि आपल्या राज्यात किरणोत्सार सुरक्षेचे संचालनालय खरोखर काम करते का? वापर संपलेला कोबाल्ट परत आला नाही तर रुग्णालयाला विचारणारे पत्र किती दिवसांत जाते? आणि सर्वांत शेवटी: एप्रिल-मेच्या उन्हात, विजेची मागणी शिगेला असताना, एखाद्या खासगी अणुभट्टीच्या नळीला तडा असल्याचा संशय आला, कंपनीने ‘पावसाळ्यापर्यंत चालू द्या’ अशी विनंती केली आणि राज्य सरकारनेही तिची री ओढली, तर नियामक भवनातून ‘थांबा’ असे एक ओळीचे पत्र निघते का? ते निघाले आणि दुसऱ्या दिवशी पत्र काढणारा अधिकारी आपल्या खुर्चीत कायम राहिला, तर कायदा लागू झाला असे समजायला हरकत नाही.